पंधरा मिनिटांची भेट

आमच्या नात्यातल्या एका काकांची दारू सुटून बरीच वर्षं झाली, तरी ते दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जातात. "आता कशाला?" असं घरात कुणीतरी विचारतंच. मला याचं उत्तर १९३५ सालच्या अ‍ॅक्रनमध्ये सापडलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं हे गाव.

बिल विल्सन न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला माणूस. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. अ‍ॅक्रनला आला ते काम फिसकटलं, खिशात फारसे पैसे नाहीत, आणि हॉटेलात समोरच बार! न्यूयॉर्कला त्याने कित्येक दारुड्यांना उपदेश केला होता. सुधारला एकही नव्हता. पण त्या खटपटीत तो स्वतः मात्र प्यायला नव्हता. हे आठवलं आणि तो फोनकडे वळला. चर्चच्या यादीवरून फोन लावत सुटला, की मला बोलायला एखादा दारुडा गाठून द्या.

गरज त्याची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसऱ्या दिवशी, १२ मेला, डॉ. बॉब स्मिथ भेटले. सर्जन, आणि अट्टल पिणारे. पंधरा मिनिटंच थांबणार म्हणून आलेले, ते सहा तास बसले. बिलने उपदेश टाळून आपलीच कहाणी सांगितली म्हणे.

त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरलेच. शस्त्रक्रियेच्या सकाळी हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती शेवटची. तारीख मानतात १० जून १९३५, आणि संस्थेचा जन्मही तोच. त्याच महिन्यात दोघं गावातल्या इस्पितळात तिसरा शोधायला गेले.