दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी सैनिकांच्या सेवानोंदी

दुसऱ्या महायुद्धातील विमानवेधी सैनिकांच्या सेवानोंदी म्हणजे इ.स. १९३९ ते १९४५ या काळात विमानवेधी तोफा आणि शोधझोत (सर्चलाइट) यांच्या तुकड्यांमध्ये काम केलेल्या सैनिकांची कागदोपत्री माहिती होय. भरतीची नोंद, सेवामुक्तीचा दाखला, पदके, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, युद्ध दैनंदिन्या आणि मृतांच्या नोंदवह्या यांचा त्यांत समावेश होतो. भारतीय सैनिकांच्या या नोंदी भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन या तीन देशांत विभागल्या गेल्या असल्याने त्यांचा शोध अनेक ठिकाणी घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

युद्धारंभी भारतीय सैन्याची संख्या सुमारे दोन लाख होती. १९४५ पर्यंत ती सुमारे २५ लाखांवर गेली. भारतीय तोफखान्याची पहिली रेजिमेंट १९३५ साली उभी राहिली होती. विमानवेधी शाखेचा आरंभ मुंबईत झाला. सप्टेंबर १९४० मध्ये कुलाबा येथे विमानवेधी प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्यात आले आणि १९४१ मध्ये ते कराचीला हलवण्यात आले. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टणम आणि काकिनाडा येथे हल्ले केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोलकात्यावर बॉम्ब पडले. त्यामुळे बंदरे, विमानतळ व रेल्वेस्थानके यांच्या हवाई संरक्षणाला महत्त्व आले.

मुंबईवर मात्र युद्धकाळात शत्रूचा हवाई हल्ला झाला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाचे स्फोट झाले, तेव्हा हा जपानी हल्लाच असल्याचा अनेकांचा समज झाला होता. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या ‘मुंबईवरील बॉम्बवर्षावा’च्या आठवणी तपासताना ही घटना लक्षात घ्यावी लागते.

शोधझोत तुकड्यांचे कार्य

रात्रीच्या हल्ल्यात तोफांना लक्ष्य दिसावे यासाठी शोधझोतांचा उपयोग होत असे. या दिव्यांत कार्बनच्या कांड्यांमध्ये विद्युत ठिणगी निर्माण करून आरशाच्या साहाय्याने तिचा प्रकाश एका दिशेने सोडला जाई. ब्रिटिश सैन्यात ९० आणि १५० सेंटिमीटर व्यासाचे शोधझोत प्रचलित होते. प्रारंभी विमानाच्या आवाजावरून दिशा ठरवणारी ध्वनिशोधक यंत्रे वापरली जात. नंतर त्यांची जागा रडारने घेतली. दोन किंवा अधिक झोत एकाच विमानावर आले म्हणजे त्याची उंची व मार्ग ठरवणे सोपे होई.

ब्रिटनमध्ये शोधझोत तुकड्या आधी अभियंता दलाकडे होत्या. ऑगस्ट १९४० मध्ये त्या तोफखान्यात विलीन झाल्या. त्यामुळे एकाच सैनिकाची नोंद दोन दलांच्या नावे आढळू शकते.

नोंदींचे प्रकार

सेवामुक्तीचा दाखला : सैनिक क्रमांक, हुद्दा, दल, भरतीचा व सेवामुक्तीचा दिनांक आणि मूळ गाव ही माहिती त्यात असते. पुढील सर्व शोधासाठी सैनिक क्रमांक सर्वांत उपयुक्त ठरतो, कारण एकाच नावाचे अनेक सैनिक असत.

पदके : भारतीय सैन्यातील व्यक्तींना दिलेल्या पदकांच्या कडेवर सामान्यतः क्रमांक, नाव व दल कोरलेले असते. ब्रिटिश सैनिकांना याच युद्धासाठी दिलेल्या पदकांवर सहसा नाव नसते. त्यामुळे घरात कागद उरले नसले तरी पदकाची कड पुरावा ठरते. पदकाच्या प्रकारावरून सेवेचे ठिकाणही समजते. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ हे भारतात तीन वर्षे प्रत्यक्ष युद्धाबाहेरील सेवा केलेल्यांना मिळे. ‘बर्मा स्टार’ ब्रह्मदेशाप्रमाणेच ठरावीक काळात बंगाल व आसाममध्ये केलेल्या युद्धसेवेसाठीही देण्यात आला.

युद्ध दैनंदिन्या : यांत तुकडीच्या हालचाली, हवाई हल्ल्यांच्या वेळा व तोफांची ठिकाणे दिलेली असतात. नावे प्रामुख्याने अधिकाऱ्यांची येतात. साध्या गनरचा उल्लेख क्वचितच असतो. तुकडी माहीत असल्यास मात्र तो कोणत्या दिवशी कोठे होता, हे ठरवता येते.

अभिलेखांची ठिकाणे

१९४७ मध्ये भारतीय सैन्याची विभागणी झाली, तेव्हा सैनिकांच्या सेवानोंदीही दलांबरोबर विभागल्या गेल्या. भारतीय तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोड कॅम्प येथे आहे. ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडील सेवानोंदी ब्रिटिश सैन्याच्या आहेत; भारतीय शिपायांच्या नोंदी त्यांत नाहीत. भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांविषयीची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस अभिलेखांत, तर युद्ध दैनंदिन्या व शौर्यपदकांच्या शिफारशी क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नवी दिल्लीतील भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येते. महाराष्ट्रात माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत.

मृत सैनिकांच्या नोंदी

दुसऱ्या महायुद्धात अविभाजित भारताचे सुमारे ८७ हजार सैनिक मरण पावले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत त्यांचे नाव, क्रमांक, दल आणि अनेकदा आईवडिलांचे नाव व गाव मिळते. मृताची समाधी नसल्यास नाव दिल्ली, कराची, सिंगापूर किंवा रंगून येथील स्मारकांवर असू शकते. व्यापारी जहाजांवर व नौदलात मरण पावलेल्या भारतीय खलाशांसाठी मुंबई व चितगाव येथे स्वतंत्र स्मृतिवह्या आहेत. माहुलसारख्या किनारी गावातील पूर्वजाचा शोध घेताना तो सैन्यात होता की जहाजावर, हे आधी निश्चित करणे त्यामुळे आवश्यक ठरते. युद्धातून सुखरूप परतलेल्यांची अशी जाहीर सूची नसल्याने त्यांचा माग मृतांपेक्षा अवघड जातो.

नावे आणि गावे

इंग्रजी नोंदींत मराठी नावांचे लेखन निश्चित नसे. अनेकदा आडनाव गाळून केवळ सैनिकाचे व वडिलांचे नाव लिहिले जाई. ‘मराठा’ हा शब्दही जुन्या पद्धतीने, निराळ्या वर्णांनी लिहिलेला आढळतो. जिल्ह्यांची नावे व सीमा पुढे बदलल्या : कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, आणि कोल्हापूर १९४९ पर्यंत संस्थान होते. मुंबई उपनगर जिल्हा प्रथम १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून निर्माण करण्यात आला. त्यामुळे माहुल, तुर्भे वा चेंबूर येथे जन्मलेल्या जुन्या पिढीच्या कागदपत्रांत ठाणे जिल्हा लिहिलेला असू शकतो. तसेच मुंबईत भरती झालेल्या गिरणी कामगाराच्या नोंदीत मुंबईऐवजी कोकणातील किंवा घाटावरील मूळ गाव येऊ शकते.

महत्त्व

विमानवेधी सैनिकांपैकी अनेकांनी बंदरे व विमानतळांवर वर्षानुवर्षे पहारा दिला. त्यांपैकी काहींना शत्रूचे विमान कधी दिसलेही नाही. अशा सेवेला लढायांच्या इतिहासात फारशी जागा मिळत नाही. कुटुंबाकडील दाखला, पदक व छायाचित्र यांचा तुकडीच्या दैनंदिनीशी मेळ घातल्यास शहरांच्या युद्धकालीन इतिहासात अशा सैनिकांचे स्थान निश्चित करता येते. पदके विकली गेल्यास किंवा वितळवली गेल्यास, तसेच छायाचित्रांमागील मजकूर पुसट झाल्यास हा दुवा कायमचा तुटतो.

हे सुद्धा पहा

भारतीय तोफखाना
मराठा लाइट इन्फंट्री
मुंबई गोदीतील स्फोट, १९४४
खडकी युद्धस्मशान