विंगेतली कुजबूज

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. गेल्या वर्षी आमच्या घरची ट्रंक उतरली तेव्हा तळाशी एक जीर्ण वही सापडली. शाळेच्या स्नेहसंमेलनात केलेल्या नाटकाची ती नक्कल. समासात माझ्याच अक्षरांतल्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा : ‘राजा इथे अडतो’, ‘प्रधान इथे घाई करतो’. मी त्या नाटकात नट नव्हतो. विंगेत उभा राहून विसरणाऱ्याला शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर होतो. वही चाळताना मनात आले, शाळांनी आपल्या रंगभूमीला काय दिले आणि शाळेत तिच्या वाट्याला काय आले, याचा एकदा हिशेब मांडावा.

हा हिशेब बेळगावपासून सुरू होतो. अण्णासाहेब किर्लोस्कर तेथे शिक्षक होते, आणि गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे विद्यार्थी. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, पुण्यात ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. शिष्यही गुरूच्या मंडळीत आला, नटांच्या तालमी घेऊ लागला आणि १८९९ साली त्याने ‘शारदा’ रंगभूमीवर आणली. म्हाताऱ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्या नाटकाने घरोघर पोचवले. एका शाळामास्तराची आणि त्याच्या विद्यार्थ्याची ही कमाई!

दुसरे नाव दिवाकरांचे, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांचे. तेही पुण्यातले शिक्षकच. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या स्वगतपर कवितांवरून त्यांना कल्पना सुचली, आणि १९११ पासून मराठीत नाट्यछटा अवतरली. एकच माणूस बोलतो. समोरच्याचे बोलणे आपण त्याच्या बोलण्यावरून ताडायचे. पडदा नको, पोशाख नको, पैसा तर नकोच नको. म्हणूनच ती शाळेच्या व्यासपीठावर इतकी वर्षे टिकली. आचार्य अत्रेही पुण्यात शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांनी मुलांसाठीही नाटके लिहिली.

आता खर्चाची बाजू पाहा. हे सारे शाळेने केले म्हणण्यापेक्षा शाळेतल्या हौशी मास्तरांनी केले, असे म्हणणे अधिक खरे. तालीम शाळा सुटल्यावर. पागोटी नि शेले घरोघरून मागून आणलेले. ज्या विषयाला वेळापत्रकात तास नाही, त्याला अंदाजपत्रकात पैसा कोठून असणार? म्हणून मास्तर निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर नाटकही निवृत्त होई.

१९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने बालरंगभूमी उभी केली आणि ‘मधुमंजिरी’ मुलांपुढे आली. काम मोठे खरे. पण तिकीट काढून थिएटरात जाणारे मूल वेगळे आणि खेड्यातल्या शाळेत मागच्या बाकावर बसणारे मूल वेगळे. त्याला शाळेवाचून दुसरी रंगभूमी कोणती?

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर मुले असतील तर, कलेचा शिक्षक सांगितला आहे. पण तो अंशकालीन! नववी-दहावी तर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने कला आणि इतर विषय यांच्यात भिंत नको म्हटले. भिंत नको म्हणणे सोपे. गवंडी कामाला लावणे अवघड.

परवा माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. ज्या सभागृहात आमचा राजा अडखळला होता, तेथे आता लाकडी फळ्या उभारून तीन खोल्या केल्या आहेत आणि दहावीचे जादा तास चालतात. मुले मान खाली घालून लिहीत होती. मला त्यांचा राग आला नाही, कणव आली.

कारण मला आमचे नाटक बसवणारे गुरुजी आठवले. मी विंगेत गप्प उभा राहिलो म्हणून एकदा ते माझ्यावर गरजले होते, “परीक्षेत कुजबुजलास तर वर्गाबाहेर काढीन, इथे कुजबुजला नाहीस तर विंगेबाहेर!” तेव्हा आम्ही हसलो. आज वाटते, केवढा अर्थ होता त्यात! शाळेतल्या बाकी साऱ्या विषयांत शेजाऱ्याला शब्द पुरवणे हा गुन्हा. नाटकात मात्र ते कर्तव्य. दुसरा केव्हा अडेल हे आधी ओळखावे, त्याला हळूच सावरावे आणि टाळ्या त्याला मिळू द्याव्यात, हे मी त्या अंधाऱ्या विंगेत शिकलो. संसारात मला बीजगणितापेक्षा तेच अधिक उपयोगी पडले.

यंदा अंगणात मुले किल्ला करतील, तेव्हा शेजारी एक जुनी चादर दोरीवर टाकून द्या. पुढचे ती पाहून घेतील. आणि पालकसभेला गेलात की गणिताच्या गुणांची चौकशी झाल्यावर एवढेच विचारा, “नाटकाचा तास केव्हा असतो?”

विचारताना शब्द अडलाच, तर मी विंगेत उभा आहे.