मोदिल्यानीची दगडी मस्तके
३. ‘त्या लांब माना’ : अमेदेओ मोदिल्यानी (१८८४–१९२०) आज चित्रकार म्हणून ओळखला जातो, पण साधारण १९०९ ते १९१४ या काळात त्याचा सारा जीव शिल्पात गुंतला होता. लिव्होर्नोचा हा इटालियन तरुण १९०६मध्ये पॅरिसला आला. डॉ. पॉल अलेक्सांद्र यांच्यामुळे त्याची शिल्पकार ब्रांकुशीशी ओळख झाली. आधी मातीचा नमुना घडवून तो कारागिरांकरवी दगडात उतरवण्याची तेव्हा रूढ पद्धत होती. मोदिल्यानीने मात्र थेट चुनखडीच्या दगडावर छिन्नी धरली. १९१२च्या ‘सलाँ दोतोन’ प्रदर्शनात त्याची मस्तके एकत्र मांडली गेली. लांबट चेहरा, पात्यासारखे सरळ उतरणारे नाक, बाहुल्यांविना बदामी डोळे आणि इवलेसे ओठ ही त्यांची ठेवण. आफ्रिकी मुखवटे, इजिप्शियन आणि ख्मेर शिल्पे यांचा संस्कार त्यांवर उघड दिसतो. काही मस्तकांची मागची बाजू ओबडधोबडच आहे. छिन्नीचे घाव तिथे अजून मोजता येतात. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांना दगडाची धूळ मानवेना, पैशांची चणचण होतीच. त्यात महायुद्ध सुरू झाले आणि शिल्पकाम थांबले. आज त्याची जेमतेम पंचवीसेक शिल्पे उरली आहेत. तरीही या कामाला चित्रकाराची उमेदवारी समजणे अन्यायाचे ठरेल. पुढच्या व्यक्तिचित्रांतील माना, नाके आणि रिते डोळे यांची घडण दगडातच ठरली. मूळ मजकुरातील उल्लेख त्याच अर्थाने वाचावा. — संपादक