मराठी अंक परदेशात छापताना : मुद्रणसज्ज फाइल कशी असावी?

परदेशांतील मराठी मंडळांचे दिवाळी अंक, अधिवेशनांच्या स्मरणिका आणि कार्यक्रमपत्रिका अनेकदा स्थानिक छापखान्यांतच छापल्या जातात. पुण्या-मुंबईच्या छापखान्यात यंत्राजवळच्या कारागिरालाही मराठी वाचता येते; वेलांटी सरकलेली दिसली, तर तो निदान विचारतो तरी. न्यू जर्सी किंवा लंडनमधील मुद्रकासाठी मात्र देवनागरी मजकूर बहुधा केवळ एक चित्र असते. फाइलमध्ये जे असेल, तेच कागदावर उतरते. त्यामुळे तेथे अंकाची अखेरची तपासणी संपादकालाच करावी लागते, आणि तीही फाइल हातावेगळी करण्यापूर्वी.

आकार, ब्लीड आणि पृष्ठसंख्या

मांडणी सुरू करण्यापूर्वी मुद्रकाकडून कागदाचा आकार निश्चित करून घ्यावा. भारत, ब्रिटन आणि आखाती देशांत ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर हा आकार रूढ आहे. अमेरिकेत लेटर म्हणजे ८.५ × ११ इंच, अर्थात सुमारे २१६ × २७९ मिलिमीटर. भारतातील मांडणीकाराने ए-४ आकारात सजवलेले पान लेटरच्या उंचीत बसवण्यासाठी लहान केले, तर रुंदीत एकूण सुमारे १८ मिलिमीटर पांढरी जागा उरते.

छपाईनंतर कागद कापला जातो आणि कापणीत किंचित फरक पडतोच. म्हणून कडेपर्यंत जाणारा रंग किंवा छायाचित्र चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवावे. अमेरिकेत हे प्रमाण एक अष्टमांश इंच असते. यालाच ब्लीड म्हणतात. ए-४ पान ब्लीडसह २१६ × ३०३ मिलिमीटरचे होते. उलट, मजकूर कापणीच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावा.

मधोमध पिना मारून बांधायच्या अंकाची पृष्ठसंख्या ४ च्या पटीत लागते. चिकट बांधणीच्या अंकात कण्याची जाडी कागद आणि पृष्ठसंख्येवर ठरते. ती मुद्रकाकडून मिळाल्यावरच मुखपृष्ठ पूर्ण करावे. आतली पाने जोडीने न देता सुटी आणि क्रमाने द्यावीत.

छायाचित्रे

छायाचित्र ज्या आकारात छापायचे, त्या आकारात इंचाला ३०० पिक्सेल असावेत. पूर्ण ए-४ पानासाठी ब्लीड सोडून २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. वॉट्सॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्रातील पिक्सेल वाटेतच कमी होतात. समजा, हाती आलेले छायाचित्र १६०० पिक्सेल रुंद आहे. ते जेमतेम ५.३ इंच रुंदीपर्यंत चांगले छापले जाईल. लेखकांनी छायाचित्रे ईमेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल मिळते. मंडळाचे बोधचिन्ह व्हेक्टर स्वरूपात मागवावे. ते कोणत्याही आकारात सुबक राहते.

रंग

पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो. छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरल्या जातात. पडद्यावरचा झगझगीत केशरी, पोपटी किंवा निळा रंग कागदावर मंद दिसतो, तो यामुळे. रंगांचे रूपांतर कोणत्या प्रोफाइलने करायचे, हे मुद्रकाला विचारावे. अमेरिकेत बहुधा ग्राकोल, तर युरोपात फोग्रा प्रमाणांवर आधारित प्रोफाइल वापरतात. गुळगुळीत आणि खरखरीत कागदांसाठी ती वेगळी असतात.

मजकुराचा काळा रंग केवळ काळ्या शाईचा, १०० टक्के असावा. चारही शायांच्या मिश्रणातून तो तयार झाला, तर शायांचे ठसे किंचित सरकताच मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील बारीक रेषांना रंगीत कडा दिसू लागतात.

देवनागरी अक्षरे

मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या रांगोळीसारखा दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर तो पुन्हा अक्षरशः वाचावा लागतो. ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले, तर स्वयंपाक्याचा गुरुजी होतो. ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर डोंगरातून थेट समुद्रात उतरावे लागते. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीसाला ही चूक सापडत नाही.

मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी सुरू असणे आवश्यक आहे. अ‍ॅडोबी इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तसे न केल्यास ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. मराठी आणि हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ वेगळे असतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असून मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवल्यास योग्य रूप उमटते.

अखेरची फाइल

छापखान्याला वर्डची फाइल न देता मुद्रणासाठीच आखलेली पीडीएफ/एक्स फाइल द्यावी. तिचे निकष आयएसओ १५९३० या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. तिच्यात फॉन्ट अंतर्भूत असावेच लागतात. जुन्या एक्स-१ए प्रकारात पारदर्शक थर चालत नाहीत, एक्स-४ मध्ये चालतात. मुद्रक मागेल तो प्रकार द्यावा. अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर केल्यास फॉन्टचा प्रश्न मिटतो. पण मग मजकूर दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी.

मुद्रितशोधन मांडणीच्या फाइलवर झालेले असले, तरी निर्यात केलेली पीडीएफ पुन्हा पूर्ण वाचावी. अक्षरे अनेकदा याच टप्प्यावर बिघडतात. हे वाचन अंकावर काम न केलेल्या मराठी वाचकाकडे सोपवावे आणि प्रत्यक्ष आकारातील कागदी प्रूफही मागवावे. प्रूफला लेखी मान्यता दिल्यानंतर त्यातील चुकांचा भार साधारणतः ग्राहकावर येतो. फेरछपाईचा खर्च कदाचित निभावेल. मात्र श्रद्धांजलीच्या पानावर दिवंगताचे नाव चुकीचे छापले गेले, तर तो अंक त्या कुटुंबाच्या घरी तसाच राहतो. वेळ अपुरा असेल, तर निदान मुखपृष्ठ, नावांच्या याद्या आणि श्रद्धांजलीची पाने दोघांनी स्वतंत्रपणे वाचून मगच मान्यता द्यावी.