गाईच्या कासेत हवा भरण्याची हकिगत
(दुग्धज्वर : रोग, उपाय आणि विण्यापूर्वीची काळजी)



तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दुधाची संकरित गाय रात्री सुखरूप व्याली. वार पडली, वासरू चीक प्यायले, घरात खरवस झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर गाय बसलेली, उठवली तरी उठत नाही. मान कुशीकडे वळलेली, कान थंडगार, नाकपुडी कोरडी, शेण-मूत बंद. याला आपण दुग्धज्वर म्हणतो. नावात ज्वर आहे खरा, पण ताप नसतो; उलट अंग गार पडते. नाव ठेवणाऱ्यांनी चुकीचे ठेवले आणि तेच चालू राहिले.

या दुखण्याचे वर्णन जर्मनीत १७९३ साली लिहिलेले आढळते. पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपात शहरे वाढली, दुधाला गिऱ्हाईक मिळाले, जास्त दुधाच्या गाई निवडून पाळू लागले, तसतसा हा रोगही वाढला. रोगाची खोड अशी की, तो गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय धरतो. लुकड्या, आटलेल्या गाईला तो सहसा होत नाही. त्या वेळचे जाणकार म्हणत, डोक्यात रक्त चढले. मग शीर तोडून रक्त काढायचे, जुलाब पाजायचे. दहा गाईंतल्या सहा-सात मरत. काही रोगाने मरत, आणि काही, माझ्या मते, उपायानेच मरत असणार.

डेन्मार्कमध्ये कोल्डिंग नावाच्या गावी श्मिट नावाचे पशुवैद्य होते. त्यांना वाटले की, व्याल्यावर कासेत काहीतरी विष तयार होते आणि ते अंगभर पसरते. म्हणून १८९७ साली त्यांनी सडातून कासेत पोटॅशियम आयोडाइडचे पाणी सोडायला सुरुवात केली. गाई उठू लागल्या! मरणाऱ्यांचे प्रमाण शंभरात पंधरा-सतरावर आले. पुढच्या चार-पाच वर्षांत आणखी गंमत कळली. औषधाची गरजच नव्हती. कासेत नुसती हवा भरून सड बांधले तरी गाय काही तासांत उठून उभी राहते. मग काय, गावोगावी हवा भरण्याची साधने निघाली, कुठे सायकलचा पंपही वापरला गेला. शंभरात एखाद-दुसरीच गाय दगावू लागली. उपाय सापडला, पण कारण कोणालाच ठाऊक नव्हते. विष नव्हतेच, मग हवा कशावर काम करत होती?

याचा उलगडा १९२५ साली झाला. स्कॉटलंडमध्ये ड्रायर व ग्रेग यांनी सांगितले की, हा सगळा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा प्रश्न आहे. त्याच साली रक्ताची तपासणी करून इतरांनीही तेच दाखवले. हिशेब साधा आहे. निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तजलात ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आडवी पडलेल्या गाईत ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली जाते. आता बघा, दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम असते, आणि गाईच्या सगळ्या रक्तजलात मिळून असते जेमतेम तीन ग्रॅम! म्हणजे एका धारेत तिच्या रक्तातल्या साठ्याच्या सात-आठ पट माल बाहेर जातो. हाडांतून आणि चाऱ्यातून तेवढ्या वेगाने भरपाई झाली नाही तर स्नायू ढिले पडतात, गाय बसते. कासेत हवा भरली की आत दाब वाढतो, दूध उतरणे थांबते आणि गळती बंद होते. श्मिट यांचे कारण चुकीचे, पण उपाय बरोबर.

कारण कळल्यावर १९३० नंतर शिरेतून कॅल्शियम देण्याची रीत रूढ झाली. आज डॉक्टर जी कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावतात, ती तिथली. हवा भरण्याची पद्धत मागे पडली ते बरेच झाले. अस्वच्छ नळीने कासेत जंतू जाऊन काससुजी होते. तुम्ही घरी तो प्रयोग करू नका.

आपल्याकडे आजी-आजोबांना या रोगाचे फारसे ऐकून-माहीत नव्हते. त्याचे कारण हेच. खिल्लार गाय वासराला पाजून घरापुरते दूध देई. तिच्या रक्तातून एकदम एवढा चुना जातच नव्हता. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ संस्था काढली, १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली, जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाई दारोदार आल्या. दुधाबरोबर दुखणेही आले. त्यातही जर्सी रक्ताच्या गाईत ते जास्त दिसते.

आणखी एक गोष्ट, आणि ती मोलाची आहे. कॅल्शियम कमी पडते ना, मग विण्याआधी भरपूर चारावे, असे कोणालाही वाटेल. कॅलिफोर्नियात बोडा व कोल यांनी १९५४ मध्ये दाखवले की, हे उलटे पडते. विण्यापूर्वी खाण्यातूनच आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडातून काढायची शरीराची सवय मोडते, आणि ऐन वेळी गाडी सुरू होत नाही. पुढे नॉर्वेच्या संशोधकांनी आणि इतरांनी दाखवले की, चाऱ्यातले पोटॅशियम जास्त झाले तरी हीच अडचण येते. लसूणघासात दोन्ही भरपूर.

म्हणून गाय विण्याआधी दोन महिने आटवावी. शेवटच्या तीन आठवड्यांत लसूणघास हात राखून द्यावा. कडबा, मक्याची वैरण, आणि हळूहळू वाढवत नेलेला खुराक चालेल. कॅल्शियमच्या बाटल्या या काळात पाजू नयेत. विण्यापूर्वीच्या गाईंसाठी वेगळे क्षारमिश्रण मिळते, ते डॉक्टरांना विचारून आणावे. व्याल्यावर मात्र कॅल्शियमयुक्त मिश्रण सुरू करावे. ज्या गाईला आधी हा त्रास झाला आहे, तिची पहिले एक-दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नये. वासराला मात्र पहिल्या एक-दोन तासांत चीक मिळालाच पाहिजे.

गाय बसलीच तर? तोंडातून काही पाजू नका, तिला गिळता येत नाही आणि औषध फुफ्फुसात उतरते. एका कुशीवर पडू देऊ नका. छातीवर बसवून दोन्ही बाजूंना भुसकटाच्या पोत्यांचा आधार द्या, नाहीतर पोट फुगून जीव जातो. डॉक्टरांना तातडीने बोलवा. शिरेतली बाटली हळूहळू, हृदयाचे ठोके बघत द्यावी लागते, म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा दुकानदाराने करायचे नव्हे. घाई झाली तर हृदय बंद पडते.

बाटली लागली की बहुतेक गाई थोड्याच वेळात ढेकर देतात, शेण टाकतात, उठतात. पण एक दिवस लक्ष ठेवा, पुन्हा बसण्याचा संभव असतो. आणि त्या गाईचे नाव, वेत, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिला पुढच्या वेताला हे पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा विण्याच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.