अभिमन्यूला न मिळालेला धडा

मे २०२०. नागपुरात पारा पंचेचाळिशीच्या पुढे. माझी भाची तिथल्या एका रुग्णालयात कोविड वॉर्डात नर्स. संसर्ग पसरू नये म्हणून एसी बंद. रात्री फोनवर म्हणाली, "मामा, किट घालताना काही वाटत नाही. काढताना मात्र भीती वाटते."

मला नवल वाटलं. भीती लढाईला जाताना वाटावी, परतताना कसली? पण जन्म गेला इतिहास शिकवण्यात. खोड जाईना, म्हणून मागचं वाचू लागलो. उत्तर सापडलं पश्चिम आफ्रिकेत.

डिसेंबर २०१३ मध्ये गिनीत इबोलाची साथ सुरू झाली आणि लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये पसरली. २०१६ पर्यंत ११,००० हून अधिक माणसं दगावली. त्यांत ५०० हून अधिक आरोग्य कर्मचारी होते. हा रोग रुग्णाचं रक्त, उलटी यांच्या स्पर्शाने होतो. म्हणून नखशिखान्त झाकणारा पोशाख, दुहेरी हातमोजे, चष्मा, रबरी बूट. हवा उष्ण आणि दमट. आपला घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. त्या पोशाखात घाम नुसता वाहतो, वाळत नाही. त्यामुळे तासाभरातच बाहेर यावं लागे.

खरी मेख पुढेच आहे. माणूस बाहेर येतो तेव्हा डोकं गरगरत असतं, चष्म्यावर वाफ धरलेली असते, कधी एकदा हे ओरबाडून काढतो असं झालेलं असतं. आणि नेमकं तेव्हाच सर्वांत सावकाश वागायचं असतं! पोशाखाची बाहेरची बाजू म्हणजे विष. ती आत गुंडाळत उतरवायची, प्रत्येक टप्प्यावर क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायचे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये माद्रिदमध्ये एका नर्सिंग सहायिकेला इबोला झाला. त्या साथीत आफ्रिकेबाहेर लागण झालेली ती पहिलीच. पोशाख काढताना हातमोजा चेहऱ्याला लागला असावा, असं तिने आठवून सांगितलं. सुदैवाने ती वाचली. त्याच महिन्यात अमेरिकेत डॅलसला दोन नर्सना लागण झाली, त्याही बऱ्या झाल्या. मग तिथे नियम कडक झाले: पोशाख काढताना समोर एक प्रशिक्षित माणूस हवाच. त्याने एकेक पायरी मोठ्याने वाचायची, ती नीट झाली का ते पाहायचं.

हे वाचून मला माझा शुद्धलेखनाचा तास आठवला. हुशार मुलगाही दमला की वेलांटी चुकतो. त्याला रागावून उपयोग नसतो. शब्द हळू सांगावा लागतो.

भाचीला विचारलं, "तुझ्यासमोर कोण असतं गं?"

"वॉर्डातल्या मावशी. परवा मला चक्कर आली, हात थेट मास्ककडे गेला. त्या ओरडल्या, 'थांबा ताई! आधी हात.'"

चक्रव्यूहात शिरायचं कसं, हे अभिमन्यूला ठाऊक होतं. बाहेर पडताना त्याच्यासमोर अशी मावशी नव्हती.

भाची आज सुखरूप आहे. त्या मावशींचं नाव मात्र मी तेव्हा विचारलं नाही, याची अजून रुखरुख वाटते.