व्यायाम आणि विद्यार्थ्याचा संताप

शीव कोळीवाड्याहून दक्षिणेस माटुंग्याकडे येऊं लागलें म्हणजे १९३७ सालीं निघालेलीं खालसा व रुईया हीं महाविद्यालयें लागतात. सायंकाळीं या बाजूच्या मैदानांवर तरुणांचा जो गलबला उठतो, तो ऐकून वडीलधाऱ्यांच्या मनांत एक जुनी शंका येते: शरीर कमावलेला मुलगा शांत होतो कीं भांडखोर?

महाराष्ट्रांत ही शंका दीडशें वर्षांची आहे. बळवंतराव टिळक १८७३ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले, तेव्हां प्रकृतीनें अगदीं किरकोळ होते. पहिलें सारें वर्ष त्यांनीं पुस्तकें बाजूस ठेवून कुस्ती, कसरत आणि पोहणें यांत घालविलें. परीक्षेंत अर्थातच नापास झाले. पुढें १८७७ सालीं ते पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, आणि १९०८ ते १९१४ पर्यंतची मंडालेची शिक्षा त्या एका वर्षाच्या पुंजीवर निभावली असें त्यांचे चरित्रकार मानतात. मात्र आरोग्याबरोबर सौम्यपणा आला असें म्हणवत नाहीं. औषधाच्या बाटल्या बाळगणाऱ्या सोबत्यांच्या खोलींत शिरून त्या बाटल्या खुशाल फेकून द्याव्या, असे त्यांचे उद्योग चालत. सोबती त्यांस ‘मिस्टर ब्लंट’ म्हणत. ही दांडगाई खरी. पण तिच्यांत द्वेष नव्हता.

असले बारीक भेद पाहण्याची सरकारास गरज वाटली नाहीं. २२ जून १८९७ रोजीं पुण्यांत रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकर बंधूंनीं त्यापूर्वीं कसरत व लष्करी शिक्षणाचें एक मंडळ चालविलें होतें. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालानें त्या मंडळाची आवर्जून नोंद घेतली आणि तालीम म्हणजे बंडाची शाळा हा ग्रह बळावला. वस्तुतः त्या संतापाचें मूळ घरोघर शिरणाऱ्या प्लेगच्या तपासण्यांत होतें. जोर-बैठकांनीं तो जन्मास घातला नाहीं.

बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यांत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं प्रश्नास निराळें वळण दिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ते आसन-प्राणायामाचा शरीरावरील परिणाम यंत्रांनीं मोजूं लागले. बलाइतकीच शरीराची शांतताहि अभ्यासाचा विषय झाली.

त्या दिशेस आतां पाठबळ मिळालें आहे. २०२४ सालीं ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनीं १५४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. श्वासनियमन, ध्यान, योग अशा शरीर निववणाऱ्या क्रियांनीं राग उतरतो. शरीर तापविणाऱ्या क्रियांनीं एकंदरींत उतरत नाहीं, आणि धावण्यानें तर वाढण्याचाच संभव, असें त्यांत दिसलें. चेंडूचे खेळ मात्र अपवाद ठरले. त्यांतील खेळकरपणा कामीं येत असावा. तेव्हां संतापलेल्या मुलास ‘जा, मैदानाला चार फेऱ्या मार’ असें सांगणें फारसें उपयोगाचें नाहीं. त्याच फेऱ्या रोज घातल्या तर झोंप, हृदय व खिन्न मन यांस गुण येतो, ही गोष्ट वेगळी.

जुन्या वस्तादांना यांतलें कांहीं उमगलें असावें. लाल मातींत उतरणारा आधीं मातीस हात लावून तो कपाळीं नेतो, प्रतिस्पर्ध्याच्या हाताला हात भिडवतो, आणि मगच खडाखडी सुरू होते.